अमानतीचा वाडगा

मित्रांनो, काठाचा टवका बघून मला म्हातारा समजू नका हं! मी एनॅमलचा वाडगा आहे, पांढरा, निळ्या काठाचा, आणि मला या घरात येऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. टवका उडाला तो आगबोटीतून होडीत उतरताना. ते सांगतोच. पण एवढ्याशा काळात माझ्या डोक्यात, म्हणजे डोकं कुठलं, तळात म्हणा, इतका गोंधळ भरलाय ना, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. बसा. मी भराभर सांगतो. मध्ये काही राहिलं तर मागे जाऊन सांगीन, रागावू नका.

मला घेतलं मैमुनाबीनं, रत्नागिरीच्या बाजारातून. ती तिथल्याच राजिवड्याची. नवरा बदरुद्दीन दुबईला, एका ट्रेडिंग कंपनीच्या गोडाउनमध्ये स्टोअरकीपर. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यात दोघं एका छपराखाली राहिली होती फक्त सव्वा महिना! कारण तिकडे तो आठ माणसांच्या खोलीत राहायचा, तिथे बायकोला कुठे ठेवणार? शेवटी त्याला अबू सैफ नावाच्या एका अरबाच्या घरात मागच्या अंगाची खोली मिळाली. पत्र आलं, ये. लगेच ट्रंक भरली. सोडे, आमसुलं, तांदळाचं पीठ, दोन चादरी आणि सगळ्यात खाली मी.

आगबोटीत मी काहीच बघितलं नाही, ट्रंकेत अंधार. नुसता सोड्यांचा वास आणि इंजिनाची धडधड. दुबईला धक्का नव्हता, बोट समुद्रातच उभी राहिली, खाली होडी आली, ट्रंक दोरानं सोडली आणि धाडकन! तो हा टवका. पण ट्रंक उघडली तेव्हा मैमुनाबी माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "एवढंच लागलं ना? चल, आपण दोघं पोचलो."

ते घर देऱ्यात, खाडीपासून जवळ. मधे वाळूचं अंगण, त्यात एक बोरीचं झाड, पुढच्या बाजूला अबू सैफचं कुटुंब, मागच्या बाजूला दोन खोल्या. एका खोलीत आम्ही. दुसऱ्या खोलीत हव्वाबी, केळशीची म्हातारी, तिचा नवरा खाडीतल्या टगबोटीवर. पहिलं वर्ष माझं फार मजेत गेलं. मी भाताचा. कधी कालवणाचा. पाहुणे आले की मला मधोमध ठेवायचे. हव्वाबी म्हणायची, "बरकतीचा हाय वाडगा, याच्यातलं सरत नाही." मी फुगायचो.

मग आला जुलै महिना आणि रीम.

दुबईत उन्हाळ्यात ज्यांना जमतं ते सगळे खजुराच्या बागांत जातात. अबू सैफही दर वर्षी घर बंद करून रास अल खैमाकडे जायचा, चाळीस दिवस. त्या वर्षी निघायच्या सकाळी तो मागच्या दाराशी आला. त्याच्याबरोबर एक कुत्री. मित्रांनो, असली कुत्री मी रत्नागिरीत बघितली नव्हती! उंच, बारीक, पोट पाठीला लागलेलं, कानांवर रेशमासारखे केस, रंग दुधात चहाचे दोन थेंब पडल्यासारखा. एक पाय उचलून धरलेला. खाडीच्या काठावर शिंपल्यानं तळवा कापला होता.

"बदरुद्दीन," अबू सैफ म्हणाला. व्यापारासाठी मुंबईला फेऱ्या मारून मारून त्याला हिंदी येत होतं. "ये रीम. मेरा सबसे अच्छा शिकारी. पैर ख़राब, गाड़ी में नहीं जाएगा. चालीस दिन तुम देखो. गोश्त देना, कच्चा, ताज़ा. खजूर थोड़ा. पानी बहुत. ये अमानत है."

"इन्शाल्ला शेख, इन्शाल्ला," बदरुद्दीन म्हणाला. दुसरं काय म्हणणार? घर त्याचं. ही खोली गेली तर बदरुद्दीन परत आठ जणांत आणि मैमुनाबी परत आगबोटीत. हे त्या दोघांना माहीत होतं, आणि आता तुम्हालाही.

गाडी गेली. मैमुनाबी दारामागून बाहेर आली. मी तेव्हा पायरीवर होतो, पोटात तिचा सकाळचा भात. रीम लंगडत आली, तिनं शांतपणे माझ्यात तोंड घातलं आणि भात खाऊन टाकला.

"या अल्ला!" बदरुद्दीन ओरडला. "कुत्रीचं तोंड लागलं, आता हा सात वेळा धुवायला लागेल. त्यात एकदा मातीनं!"

तर माझी आंघोळ सुरू झाली. अंगणातली वाळू, पाणी, पुन्हा पाणी. सात. हव्वाबी दारात बसून मोजत होती. ती म्हणाली, सहाच झाले. मैमुनाबी म्हणाली, सात. मग भांडण नको म्हणून पुन्हा पहिल्यापासून सात. म्हणजे तेरा किंवा चौदा! मी असा लख्ख झालो की काय सांगू. पण तरी मला कुणी फळीवर ठेवेना.

"धुतला ना? मग पाक झाला," बदरुद्दीन म्हणाला, पण स्वतः हात लावेना.

"झाला. पण राहू दे त्या कुत्रीलाच," मैमुनाबी म्हणाली.

म्हणजे मी पाक की नापाक, शुद्ध की अशुद्ध? मला कळेना. त्यात आणखी भर म्हणजे अबू सैफच्या घरात रीम गालिच्यावर झोपायची, आणि त्यांच्याकडे कुणी सात वेळा काही धुवायचं नाही. बदरुद्दीननं बायकोला समजावलं, "त्यांचा मजहब मालिकी, आपला शाफई. दीन एकच, पण नियम वेगळे. त्यांच्यात चालतं. आणि ते म्हणतात ही कुत्री नाहीच, ही सलूकी, शिकारीची जात."

"चार पाय, शेपूट, भुंकते," मैमुनाबी म्हणाली. "मग कोण, बकरी?"

तुम्हीच सांगा, असल्या घरात एका वाडग्याचा गोंधळ होणार नाही तर काय होईल?

आता खरी गोष्ट. बदरुद्दीन ड्यूटीवर जायच्या आधी हनीफच्या दुकानातून मोठ्याचं, म्हणजे बैलाचं मटण घेऊन आला. हनीफ खाटीक, श्रीवर्धनचा, देऱ्याच्या बाजारात त्याचा गाळा. मैमुनाबीनं कागद उघडला. लालभडक मांस. तिनं माझ्याकडे बघितलं, रीमकडे बघितलं.

"कच्चंच देऊ?"

"शेख तसंच बोलला."

"अवो, अमानत हाय ती. कुणी आपली चीज विश्वासानं ठेवून गेला, आणि आपण तिला कच्चं मांस टाकायचं? रस्त्यावरच्या कुत्र्यासारखं? आमच्याकडे कसायाच्या दारातली कुत्री कच्चं खातात."

हव्वाबी आतून म्हणाली, "आणि रगत तोंडाला लागलं की कुत्रं माणसाला धरतं! केळशीला एकाची पोटरी फाडली होती."

"बघा," मैमुनाबी म्हणाली.

बदरुद्दीनला उशीर होत होता. "यल्ला, काय करायचं ते कर, पण तिला नीट ठेव," म्हणाला आणि गेला.

मग मैमुनाबीनं काय केलं माहितीय? ते मटण तिनं असं शिजवलं, असं शिजवलं! चार मोठे कांदे उभे चिरून लाल केले, लसूण ठेचून घातला, सुकं खोबरं भाजून वाटलं. तिखट मात्र घातलं नाही, जनावराला झोंबेल म्हणून. तेवढा विचार तिनं केला होता, मित्रांनो, म्हणून मला तिचा राग येत नाही. हाडंसुद्धा काढून टाकली, घशात अडकतील म्हणून. आणि तो गरम रस्सा निववून माझ्यात वाढला. रीमनं एका दमात चाटूनपुसून साफ केला. मी इतका खूश! मला वाटलं, पाहुणे आले तेव्हासुद्धा माझ्यात असं काही पडलं नव्हतं.

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. रोज रस्सा. रोज कांदा. पायाची जखम सुकायला लागली. मैमुनाबी तिला "बाय" म्हणायला लागली. हात लावायची नाही, पण लांबून गप्पा मारायची. "बाय, आज कंपनीचं पत्र आलं." "बाय, काल स्वप्नात आई आली होती." नवरा दिवसभर गोडाउनमध्ये, ओव्हरटाइम असला की अंधार पडेपर्यंत. मग ती बोलणार कुणाशी?

सहाव्या दिवशी रीमनं माझ्यात थोडं शिल्लक टाकलं. मला वाटलं, पोट भरलं असेल.

सातव्या दिवशी ती बोरीखाली जाऊन मुतली आणि वाळू लाल झाली. नुसती लाल नाही, काळपट, कोऱ्या चहासारखी. मैमुनाबीच्या हातातली बादली पडली.

"खाला! हव्वाखाला! हिला रगत जातंय!"

हव्वाबी आली, वाकून बघितलं, आणि लगेच तिनं निदान केलं. "ऊन लागलंय हिला. एवढा उष्मा! आमचे घो उन्हात निघाले की खिशात कांदा ठेवतात. कांद्याचा रस पाज. आणि कालवणात कांदा जास्त घाल, थंड असतो."

मित्रांनो, मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पण मला तरी काय माहीत होतं? मी वाडगा! माझ्यात पडेल ते मी धरतो. कांद्याचा रस माझ्यातच काढला. पांढरट, डोळ्यांत पाणी आणणारा. रीमनं तोंड फिरवलं. मैमुनाबीनं पहिल्यांदा तिला हात लावला, त्याच दिवशी! जबडा धरून चमच्यानं पाजलं. मग स्वतःचे हात सात वेळा धुतले आणि रडत बसली.

दुसऱ्या दिवशी रीम उठलीच नाही. तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, श्वास भराभर. संध्याकाळी बदरुद्दीन आला, त्यानं बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"हिला काय झालं तर संपलं," तो म्हणाला. "खोली गेली. खोलीचं एक वेळ जाऊ दे. त्या माणसाला तोंड कसं दाखवू?"

"मी काय वाईट दिलं? आपण खातो तेच दिलं! आपल्यापेक्षा चांगलं दिलं!"

"शेखनं कच्चं सांगितलं होतं."

"कच्च्यानं रगत गेलं असतं तर तुम्हीच बोलला असता, कच्चं का दिलंस!"

दोघंही बरोबर बोलत होती असं मला वाटत होतं. दोघंही चुकत होती असंही वाटत होतं. हव्वाबी म्हणत होती, नजर लागली. बदरुद्दीन म्हणत होता, मटण शिळं असेल. मैमुनाबी म्हणत होती, पाणी खारं आहे. जनावरांचा डॉक्टर कुठे आहे का, हे बदरुद्दीननं ऑफिसात विचारलं तर सुपरवायझर हसला, म्हणाला इथे माणसांना डॉक्टर पुरत नाहीत.

आणि नेमका तेव्हाच बाजारातला कांदा संपला! इथे कांदा येतो हिंदुस्थानातून, गलबतांतून, आणि आपल्याकडे पावसाळा लागला की गलबतं बंद. आगबोटीतून जो काही आला तो मोठ्या दुकानदारांनी दाबून ठेवला. बदरुद्दीन दोन बाजार फिरून आला. "खलास," म्हणाला. "कांदाही खलास, लसूणही खलास."

मैमुनाबी मटण पुढ्यात घेऊन बसली. चुलीकडे बघे, माझ्याकडे बघे. शेवटी म्हणाली, "कांद्याशिवाय रस्सा करून वाढू? त्या फिक्क्या पाण्याला काय अर्थ? तशी बेअब्रू करण्यापेक्षा बाय, कच्चंच घे." आणि कच्चं कसं द्यायचं ते विचारायला घाईघाईनं बुरखा घालून हव्वाबीला घेऊन सरळ हनीफच्या गाळ्यावर गेली. मला पिशवीत घालून! मापाला म्हणून. त्यामुळे मी सगळं स्वतः ऐकलंय.

हनीफ आडदांड, पण बोलणं गोड. "भाभी, कच्चं देताय ना? मग माझं ऐका. मी सकाळी फजरनंतर, पहाटेची नमाज झाली की कापतो. तेव्हाचं घ्यायचं आणि तासाभरात तिला घालायचं. दुपारी कुणाला पाठवलंत तर कच्चं घालायला मी देणार नाही. या उन्हात दोन तासांत मांस बिघडतं."

"आणि दुपारचंच मिळालं तर?"

"तर कच्चं नको. साधं पाण्यात उकडा, थंड करा, द्या. त्यात काही घालू नका. चरबी मी काढून देतो, एकदम जास्त झाली तर पोट बिघडतं. आणि हे बघा." त्यानं टांगलेलं फुप्फुस पलटलं. त्यात पाण्यानं भरलेल्या बारक्या गाठी होत्या. "असलं कुणी फुकट दिलं तरी कुत्रीला घालायचं नाही. याच्यातून किडा कुत्र्यात जातो आणि कुत्र्यातून माणसात. मी हे पुरून टाकतो."

"हाड?"

"कच्चं, मोठं, आणि ती चघळत असताना तुम्ही समोर. शिजवलेलं कधीच नाही, ते टोकदार फुटतं आणि आतडं फाडतं."

हव्वाबी कुजबुजली, "आणि रगत तोंडाला लागलं की चावत नाही ना?"

हनीफ हसला. "खाला, मी रोज कोपरापर्यंत रगतात असतो. चावलो का कुणाला? भाभी, पण एक. तुमची सुरी वेगळी, हिची वेगळी. फळी वेगळी. हात साबणानं. आणि हा वाडगा तिनं तोंड काढलं की लगेच धुवा, माश्या बसायच्या आत."

मला तो माणूस लगेच आवडला.

त्या दिवसापासून माझ्यात कच्चं मांस पडायला लागलं. पहिल्या दिवशी लिंबाएवढे दोन तुकडे, कारण एकदम बदललं तर पोट धरणार नाही, असंही हनीफनं सांगितलं होतं. रीमनं पडल्यापडल्या वास घेतला. जीभ बाहेर काढली. एक तुकडा. बराच वेळ काही नाही. मग दुसरा. मैमुनाबी बोरीच्या सावलीत तिच्यासमोर बसून राहिली, भाजी करपली तरी उठली नाही.

मधे एकदा बदरुद्दीनची शिफ्ट बदलली आणि मटण दुपारीच आलं. ते तिनं उकडून दिलं, नुसतं पाण्यात. काही झालं नाही. दहा दिवसांत वाळूवरचा रंग उतरत उतरत पिवळा झाला. हिरड्या गुलाबी नाहीत, पण पांढऱ्याही नाहीत. रीम उठून उभी राहिली. मैमुनाबीनं तिला बघून काय केलं माहितीय? तोंडावर पदर घेऊन नुसती हसली.

"कच्च्यानंच बरी झाली," बदरुद्दीन म्हणाला.

"मग उकडलेलं दिलं त्या दिवशी का बिघडली नाही?" मैमुनाबी म्हणाली.

"नजर उतरली," हव्वाबी म्हणाली.

पुन्हा गोंधळ! कुणालाच कळत नव्हतं बरी कशानं झाली, आणि ते न कळल्यामुळेच पुढचं सगळं झालं.

कारण मग कांदा आला. कराचीहून एक आगबोट आली आणि बाजारात पोतीच्या पोती! हव्वाबीला इतका आनंद झाला की तिनं अर्धं पातेलं खिमा केला, मुठी भरभरून कांदा घालून. नवरा टगवरून आलाच नाही. मैमुनाबी दुपारी आत झोपली होती. हव्वाबीनं उरलेला खिमा आणला आणि म्हणाली, "खा गो बाय, बरी झालीस. तुला पण सण." सगळा माझ्यात ओतला. रीमनं चाटूनपुसून खाल्ला. मी तिथेच होतो, मित्रांनो. आणि खरं सांगतो, मलाही तेव्हा आनंदच झाला.

तिसऱ्या दिवशी वाळू पुन्हा लाल. रीम पुन्हा आडवी. आणि त्याच दुपारी निरोप आला, अबू सैफ उद्या येतोय.

मैमुनाबी त्या दिवशी रडली नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि बोटं मोजायला लागली. आधी मला वाटलं ही पुन्हा धुण्याचे आकडे मोजतेय. पण ती म्हणत होती, "कच्चं दिलं, ठीक. साधं उकडून दिलं, ठीक. रस्सा दिला, बिघडली. रस पाजला, आणखी बिघडली. कांदा संपला, बरी झाली. खाला, परवा तुम्ही माझ्या मागे हिला काही घातलंत काय?"

"थोडा खिमा," हव्वाबी दबक्या आवाजात म्हणाली.

"कांदा घातलेला?"

"कांद्याशिवाय कुठे खिमा होतो?"

मैमुनाबी बोटाकडे बघत राहिली. "कांदाच," ती म्हणाली. "मटण नाही. ऊन नाही. नजर नाही. कांदा. आपण खातो तो."

रात्री बदरुद्दीन म्हणाला, "उद्या काही बोलू नकोस. मी सांगतो, गरमी लागली. कुणालाही पटेल."

तिनं मला धुतलं आणि रीमच्या तोंडाशी ठेवलं.

सकाळी गाडी आली. अबू सैफ अंगणात आला, रीमनं नुसती शेपटी हलवली, उठली नाही. तो तिच्याजवळ बसला. मी तिच्या तोंडाशी, रिकामा. बदरुद्दीननं सुरुवात केली, "शेख, वो... बहुत गरमी था..."

"नहीं."

मैमुनाबी दारामागून बाहेर आली होती. बुरखा घेतलेला, पण आवाज स्वच्छ. "गरमी नहीं. मैंने किया. आप कच्चा बोला, मैंने पकाया. उसमें कांदा डाला. बीमार हुई तो कांदे का रस पिलाया. मेरे को मालूम नहीं था. अब मालूम है."

बदरुद्दीनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यात पडद्यामागून हव्वाबी ओरडली, "वो खिमा मेरा था! वो इसका नहीं!"

अबू सैफ पुढे वाकला. त्यानं रीमचा ओठ वर केला, अंगठ्यानं हिरडी दाबली, बघितलं. "बसल?" त्यानं विचारलं. कांद्याला अरबीत तेच म्हणतात. मैमुनाबीनं मान हलवली.

"मेरा बाप कुत्ते को ऊँट का दूध देता था, खजूर, गोश्त," तो सावकाश म्हणाला. "बसल तो घर में होता ही नहीं था. मेरे को भी नहीं मालूम." मग त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तुम ने कैसे पकड़ा?"

तिनं सांगितलं. सगळं. कोणत्या दिवशी काय, कांदा कधी संपला, कधी आला. तो रीमच्या डोक्यावर हात ठेवून ऐकत होता. मला वाटलं आता ओरडेल. आता सांगेल, सामान बांधा. बदरुद्दीनला राहवलं नाही. "शेख, खोली... हमारा कमरा..."

"कमरे का बात किसने किया?" अबू सैफ जरा वैतागून म्हणाला. आणि मग मैमुनाबीकडे वळून त्यानं जे विचारलं ना मित्रांनो, ते मी अजून विसरलो नाही. तो म्हणाला, "आज शाम इसको क्या देना है? तुम बोलो."

ज्या बाईला चाळीस दिवस एका प्रश्नाचं उत्तर धड सापडत नव्हतं, ती एका श्वासात म्हणाली, "सकाळचं मटण संपलं असेल. आता मिळेल ते साधं उकडून, थोडं थोडं, हातानं. पाणी सारखं. उद्या फजरनंतर ताजं, हनीफकडून, चरबी काढून. आणि तुमच्या घरातलं उरलेलं जेवण अजिबात नाही, भातात कांदा असतो." अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. त्याला सगळं कळलं. तो उठला आणि नोकराला न सांगता स्वतः बाजारात गेला.

रीमला पुरती बरी व्हायला महिना लागला. रोज सकाळी अबू सैफ अंगठ्यानं हिरडी बघायचा आणि मैमुनाबीला हाक मारून दाखवायचा. एक दिवस ती आली, बघितलं आणि म्हणाली, "आता गुलाबी." थंडी पडल्यावर रीम शिकारीला गेली आणि दमून, वाळूनं भरून परत आली.

तर मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. माझे बरेच प्रश्न अजून सुटलेले नाहीत. मी पाक की नापाक, हे मला अजून माहीत नाही, आणि सलूकी कुत्री असते की नसते तेही नाही. पण एक गोष्ट माझ्या तळाला पक्की बसलीय. माझ्यात त्या दिवसांत जे काही पडलं ते सगळं प्रेमानंच पडलं होतं. रस्सासुद्धा, तो रससुद्धा, खालाचा खिमासुद्धा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि तरी एक जीव मरता मरता वाचला. म्हणून मुक्या प्राण्यापुढे काही ठेवाल तेव्हा प्रेमानं ठेवाच, पण हात मागे घ्यायच्या आधी एकदा विचारा: हे मला आवडतं, की याला चालतं? ज्याला माहीत असेल त्याला विचारा. खाटकाला विचारा, मालकाला विचारा, डॉक्टर असेल तर डॉक्टरला. आणि चुकलात, तर मैमुनाबीसारखं दारामागून बाहेर या आणि सांगून टाका, कारण ते प्राणी स्वतः काही सांगू शकत नाहीत, आणि आम्ही वाडगेही नाही.